गेमच्या समीक्षेत तारे कमी, तपशील जास्त हवेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या व्हिडिओ गेमची ओळख करून देणारा स्तंभ सुरू झाला, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. नाटक-चित्रपटांची दर आठवड्याला दखल घेणाऱ्या मराठी वृत्तपत्रांना आजवर गेम आठवले ते बहुधा मुलांच्या व्यसनाच्या बातमीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केल्यापासून तर शेकडो लोकांनी वर्षानुवर्षे खपून घडवलेला एखादा गेम आणि ऑनलाइन रमी यांची अनेक पालकांच्या मनात सरमिसळ झाली आहे. त्यामुळे हा स्तंभ हवाच आहे. मात्र चार ओळी कथानक, दोन ओळी ग्राफिक्सची स्तुती आणि शेवटी पाचपैकी तारे, एवढ्यावर त्यातले परीक्षण संपते. अशा मजकुरावरून गेम घ्यावा की नाही हे ठरवता येत नाही आणि तो नेमका कसा आहे हेही समजत नाही.

चित्रपट मुंबईत पाहिला काय आणि सांगलीत पाहिला काय, कथा आणि अभिनय तेच राहतात. गेमचे तसे नाही. तो कोणत्या यंत्रावर चालतो, खेळणाऱ्याचा हात किती सरावलेला आहे आणि तो प्रदर्शनाच्या दिवशी खेळला की दोन वर्षांनी, यावर त्याचे गुणदोष बदलतात. म्हणून आपला निवाडा कोणत्या परिस्थितीतला आहे, हे समीक्षकाने सांगितलेच पाहिजे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’चे आहे. हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना केवळ संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती आणि स्वतः टिपलेली दृश्ये समीक्षेत दाखवण्यास मनाई होती. त्या समीक्षांमध्ये भरभरून गुण पडले. प्रत्यक्षात प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळत आणि मध्येच बंद पडत होता की, आठवडाभरातच प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो तिथे परतला. पुढे सप्टेंबर २०२३ मधल्या मोठ्या अपडेटने कौशल्ये वाढवण्याची पद्धत आणि शहरातील पोलिसांचे वागणे मुळापासून बदलले. आज तो गेम उत्तम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण २०२० मधली स्तुती जुन्या प्लेस्टेशनवाल्याच्या उपयोगाची नव्हती आणि तेव्हाची टीका आजच्या ग्राहकाच्या उपयोगाची नाही. समीक्षेत यंत्राचे नाव आणि आवृत्तीचा उल्लेख असता, तर दोन्ही उपयोगी पडल्या असत्या.

गुण आणि दोष वेगवेगळ्या रकान्यांत मांडण्याच्या सवयीबद्दलही लिहिणे आवश्यक वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ पाहा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न फसल्यानंतरही या मंडळींनी काम सोडले नाही आणि २०२० मध्ये गेम पूर्ण केला. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाचा, गोलूचा, शोध घेते आणि तिची कहाणी दुर्गा आणि विष्णू आपापसात बोलत आपल्याला ऐकवतात. राजी खांबाभोवती गिरकी घेऊन शत्रूवर झेपावते, भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी मारते. तिचे कसरतपटू असणे असे प्रत्येक हालचालीत दिसते. या गेममध्ये कॅमेरा खेळाडूच्या ताब्यात नसतो. तो ठरलेल्या जागेवरून, पुष्कळदा बराच मागे जाऊन पाहतो, आणि म्हणूनच राजस्थानी धाटणीचे महाल आणि पहाडी चित्रशैलीतले रंग एखाद्या चित्रासारखे अखंड नजरेत भरतात. मात्र त्याच दूरच्या कोनातून दोन कठड्यांमधले अंतर नीट कळत नाही. उडी थोडी चुकते, राजी दरीत कोसळते आणि तोच टप्पा पुन्हा खेळावा लागतो. म्हणजे या गेमचे सर्वांत मोठे सौंदर्य आणि सर्वांत मोठी अडचण एकाच निर्णयातून आली आहे. ‘दृश्ये सुंदर, कॅमेरा सदोष’ असे दोन रकाने भरणाऱ्या समीक्षेत ही गोष्ट हाती लागत नाही, आणि मला तर ती या गेमबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. गेम पाच-एक तासांत संपतो आणि शेवट फार अचानक येतो, हेही सांगायला हवे. आपल्या पुण्याचा म्हणून ते झाकण्याने त्या स्टुडिओचे काही भले होणार नाही. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले. मूळ आवृत्तीत हे देव इंग्रजीत बोलत होते, त्यामुळे आपल्याकडच्या खेळाडूच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. जुन्या समीक्षांमध्ये तो असणे शक्यच नव्हते.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’ हा चिनी गेमही याच रीतीने पाहता येतो. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात वाळवंटी प्रदेशात मुंडके नसलेला एक भिक्षू तीन तारांचे वाद्य वाजवत चीनच्या शाआन्शी प्रांताच्या उत्तर भागातल्या कथागायनाच्या बाजात गातो. ते ऐकताना आपल्या गोंधळ्यांची आणि शाहिरांची आठवण होते आणि आपल्याकडचा एखादा स्टुडिओ असे काही केव्हा करील, अशी हुरहुर लागते. बलाढ्य शत्रूंशी होणाऱ्या लढती हे या गेमचे वैभव आहे. पण वाट मोकळी दिसत असताना खेळाडू न दिसणाऱ्या भिंतीवर आदळतो, अवघडपणा कमी करण्याची सोय नाही आणि सुरुवातीला नकाशाही नव्हता. नकाशा डिसेंबर २०२४ मध्ये आला. सरावलेल्या खेळाडूला हे दोष किरकोळ वाटतील. दिवसभराच्या कामानंतर तासभर खेळू पाहणाऱ्याला मात्र एकाच शत्रूसमोर सगळी संध्याकाळ घालवावी लागेल. या दोघांना एकच ताऱ्यांचा आकडा कसा लागू पडावा?

आकड्यांचे परिणाम वाचकापुरतेही राहत नाहीत. २०१० मध्ये आलेल्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’चे काम करणाऱ्या ऑब्सिडियन या स्टुडिओला समीक्षांतल्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ८५ गुण मिळाले असते, तर वाढीव मोबदला मिळणार होता. मिळाले ८४. एका गुणाने तो मोबदला गेला, असे स्टुडिओच्या एका प्रमुख लेखकानेच पुढे जाहीरपणे सांगितले. आपल्या स्तंभातील तारे त्या सरासरीत धरले जात नसतील. तरीही आकडा देण्याआधी त्यामागची कारणे लिहिणे हे समीक्षकाचे कर्तव्यच आहे.

पैशांबाबत तर आपल्या स्तंभात जवळजवळ काहीच नसते. आपल्याकडची बहुतेक मुले फोनवर खेळतात आणि तिथले गेम फुकट उतरवता येतात. खरा हिशेब पुढे सुरू होतो. किती दिवसांनी खरेदीचा आग्रह सुरू होतो, पैसे न देता जिंकणे शक्य राहते का, गेममधल्या बक्षिसांच्या पेटीतून काय निघेल हे ठाऊक नसताना ती विकत घ्यावी लागते का, ही माहिती आई-वडिलांना कथानकापेक्षा अधिक हवी असते. विकत घेतलेल्या गेममध्येही हे घडते. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ जून २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात अशी खरेदी नव्हती. समीक्षा छापून झाल्या आणि ऑगस्टमध्ये गेममधली नाणी खऱ्या पैशांनी विकायला सुरुवात झाली. त्या समीक्षकांना दोष देता येणार नाही, पण महिन्या-दोन महिन्यांनी त्या गेमकडे परत वळणे त्यांना नक्कीच शक्य होते.

मोठ्या गेमची किंमत आज तीन ते पाच हजार रुपयांच्या घरात जाते. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि १४ दिवसांच्या आत परतावा मागितला, तरच सहसा पैसे परत मिळतात. पुष्कळ मोठ्या गेममध्ये हे दोन तास बटणे शिकण्यात आणि प्रस्तावना पाहण्यात जातात. गेम दहाव्या किंवा विसाव्या तासाला कंटाळवाणा होतो की खुलत जातो, हे ग्राहकाला त्या मुदतीत कळूच शकत नाही. ते सांगणारा माणूस म्हणजे समीक्षक. त्यानेच पहिल्या दोन तासांवर मत बनवले असेल, तर वाचकाने कोणाकडे पाहावे?

तेव्हा माझी विनंती अशी की, प्रत्येक समीक्षेच्या आरंभी गेम कोणत्या यंत्रावर, किती तास आणि शेवटपर्यंत खेळला की नाही, तसेच प्रत कंपनीने दिली की विकत घेतली, हे छापावे. त्यासाठी जागा हवी असेल, तर ताऱ्यांची ओळ काढून टाकावी. प्रदर्शनाच्या आठवड्यातच समीक्षा छापण्याची घाई नसावी. एखाद्या गेमची समीक्षा महिनाभर उशिरा आली, तरी आमची तक्रार राहणार नाही. शिवाय वर्षातून दोनदा तरी एक पूर्ण रविवार आधी परीक्षण केलेल्या गेमच्या फेरतपासणीसाठी राखून ठेवावा आणि त्याची सुरुवात ‘राजी’च्या सुधारित आवृत्तीपासून करावी.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा