स्प्लिटमधली वरची खाट
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतली भूमध्यसागरी सहल वाचून खिसाच चाचपला. मी ऑक्टोबरात क्रोएशियातल्या स्प्लिटला एकटीच चार रात्री राहिले. रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा म्हणजे तिथलं जुनं गावच. सतराशे वर्षांच्या भिंतींवर लोकांचे कपडे वाळत असतात. हॉस्टेलात सहाजणींच्या खोलीत वरची खाट मिळाली, शिडीची एक पायरी निखळलेली. तक्रार केली, तर हातात सुतळी ठेवली! पूर्वेच्या तटाबाहेरच्या मंडईतून पाव, चीज, नेरेत्वा खोऱ्यातली संत्री घ्यायची, नळाचं पाणी बाटलीत भरायचं, झालं जेवण. (२०२३ पासून तिथे युरो चालतो, जुनं चलन कुना नाही.) हंगाम सरल्यावरचा असा हिशेबही कधी छापाल का?

– एक वाचक