नव्या मेडिकल कॉलेजांना एकेक गाव द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच दिवशी १० सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यातली ५ आमच्या विदर्भातली: अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा. नागपूरच्या मेडिकलच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून ज्यानं पेशंटची राखण केली आहे, त्याला याचा आनंद काय असतो ते सांगावं लागत नाही. तेव्हापासून मी या कॉलेजांच्या बातम्या वाचतो आहे. जागा किती, इमारतीसाठी जमीन कुठली, प्राध्यापक भरले की नाही, एवढंच त्यात असतं. आजूबाजूच्या खेड्यांचं हे कॉलेज काय लागतं, याबद्दल अक्षर नाही.

मी देवळी तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमचा जिल्हा सेवाग्रामचा, म्हणून हा प्रश्न मला सुचला असेल.

तिथली गोष्ट थोडक्यात सांगतो. कस्तुरबा १९४४ साली गेल्या. त्यांच्या नावानं सेवाग्रामात बायका-मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना निघाला. तो उभा करणाऱ्या डॉ. सुशीला नायर पुढे १९६२ ते ६७ केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. मंत्रिपद सुटल्यावर त्यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, याच खेड्यात मेडिकल कॉलेज काढलं. (मंत्रिपदानंतर माणसानं काय करावं, याचं असंही एक उदाहरण आपल्या राज्यात आहे.) कॉलेज कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते. संस्था नफ्यासाठी नाही, पण सगळा भार तिच्यावरही नाही: खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, चौथाई राज्याचा, उरलेली चौथाई संस्थेची. म्हणजे ही पद्धत सरकारला परकी नाही, इतकी वर्षं सरकारच तिला पैसे देत आलं आहे. डॉक्टर पूर्णवेळ, खासगी प्रॅक्टिस बंद, राहणं आवारातच.

आता मला जे सांगायचं आहे ते. तिथल्या एमबीबीएसच्या प्रत्येक बॅचला एक गाव दिलं जातं. पहिल्या वर्षी पोरं-पोरी त्या गावात पंधरा दिवस मुक्काम करतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात. पंधरा दिवस संपले म्हणून ती घरं सुटत नाहीत. पुढची वर्षं दर महिन्याला त्याच घरी जायचं.

आमच्या गावाला अशी एक बॅच मिळाली होती. शाळेच्या दोन खोल्या आम्ही त्यांना रिकाम्या करून दिल्या. पहिले दोन दिवस गावानं गंमत पाहिली. खादीचे कपडे घातलेली शहरातली लेकरं हातपंपावर भांडी घासत होती, त्यांना कोण डॉक्टर म्हणणार? माझ्या शेजारच्या म्हातारीचं घर एका पुण्याकडच्या मुलीकडे आलं होतं. म्हातारीला बीपी. गोळ्या चालू आहेत असं तिनं सांगितलं, मुलीनं वहीत तसं लिहून घेतलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला ती मुलगी चहा घ्यायला चुलीपाशी जाऊन बसली, तेव्हा तिला तांदळाच्या डब्यात गोळ्यांची जवळजवळ अख्खी पट्टी दिसली. विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "डोकं दुखलं का घेतो ना बाई. रोज रोज कायले खाऊ?" ही गोष्ट ओपीडीत टेबलाच्या पलीकडून कधीही कळली नसती. त्या मुलीनं रागावून पाहिलं नाही. सकाळच्या चहाच्या कपाखाली गोळी ठेवायची, असं तिनं म्हातारीच्या सुनेशी ठरवून टाकलं आणि पुढच्या महिन्यात येऊन पट्टी मोजली.

तिथून शिकलेले सगळे खेड्यातच राहिले असं मी म्हणत नाही. पुष्कळसे नागपूर-पुण्याला गेले, काही परदेशी. रुग्णालय हजाराच्या घरातल्या खाटांचं आहे, पण सकाळच्या ओपीडीची रांग पाहून नवखा माणूस घाबरतो. तरी गावात ताप पसरला तर कुणाला फोन करायचा, हे आमच्या आशाताईला तोंडपाठ असतं. आणि गावानंही नुसतं घेतलेलं नाही. सेवाग्रामनं ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य विमा चालवला. सुगीत ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, शेतकऱ्यानं एकरांच्या हिशेबानं जास्त, मजुरानं कमी. बदल्यात दवाखान्यात सवलत. पण गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच योजना लागू, त्यामुळे भाऊबंदकी बाजूला ठेवून लोकांना एकत्र बसावं लागायचं. पुढे शिवारात सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा आटला. आजच्या सरकारी योजनांत उपचार फुकट होतो हे खरं, आणि ते हवंच आहे, पण त्यात गावाला कुणी काही विचारत नाही.

तुमचे अधिकारी म्हणतील, विद्यार्थ्यांना गावातली घरं देणं तर आता सगळीकडे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२१-२२ च्या बॅचपासून कुटुंब दत्तक कार्यक्रम अभ्यासक्रमात घातला. घातला, मान्य. माझ्या सासुरवाडीच्या गावात एका कॉलेजची बस यायची ती मी पाहिली आहे. अकराला बस, समाजमंदिरासमोर बॅनर, वजन, उंची, बीपी, फोटो, दीडला बस परत. पुढच्या वेळी दुसरीच पोरं. मागच्या खेपेला ज्या बाईचं रक्त कमी निघालं होतं तिचं पुढे काय झालं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोष पोरांचा नाही. त्यांना गाव दिलेलं नव्हतं, फक्त हजेरी दिलेली होती.

नव्या कॉलेजांचंही असंच होईल, अशी भीती वाटते. कारण कॉलेज तुमच्या खात्याचं, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं आणि वर सार्वजनिक आरोग्य विभाग वेगळा. विद्यार्थ्यानं गावात सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) लेकरू शोधलं तर कळवायचं कुणाला, हे कागदावर कुठे तरी असेल, माणसांत नसतं. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० वर शेतकरी-शेतमजूर मेले. कोण उघड्या अंगानं पंप पाठीवर घेतो आणि कोण दोन औषधं एकत्र कालवतो, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. दर महिन्याला त्याच घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही जुलैतच कळेल. दवाखान्याला कळतं तेव्हा माणूस स्ट्रेचरवर असतो.

म्हणून मागणी साधी आहे. विदर्भातल्या नव्या पाचही कॉलेजांकडे एकेक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्या उपकेंद्रांसकट, जिल्हा परिषदेशी लेखी करार करून चालवायला द्या. प्रत्येक बॅचला एकच गाव, शेवटच्या वर्षापर्यंत तेच. घरांच्या नोंदवहीची एक प्रत आशाताईकडे राहू द्या, म्हणजे बॅच गेली तरी वही गावात राहील. वर्षातून एकदा ग्रामसभेत विद्यार्थ्यांनी उभं राहून काय आढळलं ते सांगावं आणि लोकांनी उलट प्रश्न विचारावेत. सरकारी कॉलेजातून निघालेल्या मुलाला एक वर्ष बंधपत्रित सेवा, म्हणजे लिहून दिल्याप्रमाणे सरकारी दवाखान्यात नोकरी, करावी लागते. १० लाख भरून त्यातून मोकळे झालेलेही आहेत. ज्यानं चार वर्षं एका गावात चहा प्यायला आहे, त्यातल्या एखाद्याला तरी ते वर्ष शिक्षा वाटणार नाही.

यासाठी नवी इमारत लागत नाही. एक गाडी, समाजवैद्यक विभागातली भरलेली पदं आणि दोन खात्यांच्या सचिवांची एक बैठक लागेल. पदं भरणं सगळ्यात अवघड, ते आम्हालाही कळतं. तिथूनच सुरुवात करा.

वेळ काढून ऑगस्टमध्ये आमच्या गावी या. फवारणीचे दिवस असतात, बघायचं ते सगळं दिसेल. फक्त फाट्यापासूनचा रस्ता अजून झालेला नाही, तेव्हा गाडी जरा उंच आणा. तो विषय दुसऱ्या खात्याचा, त्यांना वेगळं पत्र लिहितो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. देवळी, जि. वर्धा