मावशी कोणाची?

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही रुसलात असं आईकडून कळलं. शिमग्यातल्या नमनाच्या खेळात वाडीच्या पोरांनी तुमची मावशी, म्हणजे तुम्ही लुगडं नेसून रंगवायचात ते सोंग, उचलली, तुमचा ठेवणीतला विनोद मारला, त्याचं रील फिरतंय आणि तुमचं नाव कुठेच नाही. हल्ली तुम्ही चहात साखर कमी म्हणून भांडता म्हणे. साखर डॉक्टरांनी कमी केलीय, पोरांनी नाही.

रील मी पाहिलं. तुमची मावशी गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघायची आणि म्हणायची, "ह्या रस्त्यानं नको गो बायांनो, मडक्यातल्या दह्याचं वाटेतच लोणी होतं!" तेव्हा रस्ता आपल्या वाडीचा होता. पोरांनी मथुरेची वाट मुंबई-गोवा महामार्गावरून नेलीय. 2011 साली त्याचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हा यातली निम्मी पोरं बालवाडीतही नव्हती. पेंद्या विचारतो, "मावशे, पोचणार कधी?" मावशी म्हणते, "तू आधी लगीन कर, तुझा नातू पोचंल." हे तुम्हाला सुचलं नव्हतं, खरं सांगा.

आणि मावशी तरी तुमची कुठे? ज्यांच्याकडून तुम्ही ती घेतलीत, त्यांनी कोणाकडून घेतली ते त्यांनाही आठवत नव्हतं. लुगडं मात्र आईचं होतं. त्याचं श्रेय तुम्ही आजवर दिलेलं नाही.

माझ्या तर पदाच्या नावातच 'क्रिएटिव्ह' आहे. बिस्किटाच्या जाहिरातीची एक ओळ सुचली की ती नक्की कोणाची, यावर आमच्याकडे दुपारभर मीटिंग चालते. अशा वेळी मला कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, हत्ती आठवतो. जांभ्यात कोरलेला, सुमारे 18 मीटर लांब, पोटात मासे नि कसली कसली जनावरं. जवळ उभं राहिलं तर तो अख्खा दिसतही नाही, ड्रोन वर गेला की दिसतो. म्हणजे ज्यांनी कोरला त्यांनी स्वतः तो पुरता पाहिलाच नसणार, आणि तरी रेघ चुकली नाही. 2022 मध्ये कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. नाव लावायला अजून कोणाचे वारस आलेले नाहीत.

उलट मालगुंडच्या कृष्णाजी दामल्यांनी कविता लिहिल्या त्या केशवसुत, म्हणजे केशवाचा मुलगा, या नावाने. तुतारी फुंकली मुलाने, लोकांच्या तोंडी राहिलं वडिलांचं नाव. तुम्हाला तसंच हवं असेल तर बिस्किटाखाली मी तुमचं नाव घालते. खपलं नाही तर मात्र शिव्याही तुम्हालाच.

पण बाबा, एक गोष्ट पोरांकडे नाही. तोच महामार्गाचा विनोद कोणीतरी एका ठेकेदाराचं नाव जोडून वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि दोन घरांचं बोलणं बंद झालं. तुमच्या वेळी सरपंच पुढच्या रांगेत असायचे. मृदंग चालू, सगळी वाडी त्यांच्या तोंडाकडे बघतेय, हसल्याशिवाय सुटका नाही. आणि त्यांचं तोंड मावशीलाही दिसायचं. ते जरा उतरलं की तुम्ही लगेच पदर सावरून राधेकडे वळायचात, हे मी आईच्या मांडीवर बसून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी पालखीला खांदा द्यायला सरपंच तुमच्याच शेजारी. फोनवर ज्याची टिंगल होते तो घरात एकटा बसून वाचतो, आणि करणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही. एवढी जहरी माणसं आपल्याकडे पूर्वी नव्हती असं म्हणण्यात अर्थ नाही. होतीच. पण त्यांना समोर उभं राहून बोलावं लागायचं.

विनोद पोरांनी ऐकून घेतला. कुठे वळायचं हे ऐकून येत नाही, ते कोणीतरी तालमीत बसून दाखवावं लागतं.

आई, आता हे फक्त तुझ्यासाठी, बाबांनी वाचू नये. त्यांच्यातल्या एका पोराशी मी बोललेय. पुढच्या तालमीआधी तो घरी येऊन "काका, जरा बघा ना" म्हणेल. बाबा आधी नाही म्हणतील. पोराला दोनदा विचारू दे, तिसऱ्यांदा तूच चष्मा हातात दे. आणि लुगडं मागितलं तर तुझं देऊ नकोस, मंडळाकडे त्यांचं आहे.

तुमची,
धाकटी