भिगवणच्या होडीवाल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तशी तंबी तुम्हीच दिली आहे. पण कुंभारगावाहून होडीतून पाण्यात गेलेल्या कुणालाही तुम्ही लगेच ओळखू याल.

गेल्या जानेवारीत आम्ही आलो ते रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. उजनी धरणाच्या फुगवट्यावर सगळे त्यांच्यासाठीच येतात. त्या दिवशी पाणी जास्त होतं आणि रोहित पार पलीकडच्या काठाला, गुलाबी रेघेसारखे. माझं तोंड उतरलं होतं. वाटेत पाण्यात बुडालेल्या वाळक्या बाभळींवर काळ्या पक्ष्यांची रांग दिसली. मी वहीत ‘छोटा पाणकावळा’ लिहून आकडा टाकायला घेतला, तेवढ्यात तुम्ही वल्हं आडवं धरलंत.

"ताई, समदे छोटे कसं? चोच बगा की."

खरं सांगते, मला जरा रागच आला. गेली तीन वर्षं मी पक्षी मोजत होते. माझा हिशेब सोपा: लहान दिसला तर छोटा, दांडगा दिसला तर मोठा. मधला ‘भारतीय पाणकावळा’ पुस्तकात असतो, माझ्या यादीत कधी आला नव्हता. पुस्तकात छोटा सुमारे ५० सेंटीमीटर आणि भारतीय ६०च्या थोडा वर. पण एकट्या खोडावर बसलेल्या पक्ष्याशेजारी फूटपट्टी कोण धरणार?

तुम्ही होडी हळूच जवळ नेलीत आणि एकेक दाखवत गेलात. छोट्याची चोच आखूड, जाडसर. कपाळ उभं, एकदम चोचीवर उतरलेलं, त्यामुळे डोकं गोटीसारखं. अंगाच्या मानाने शेपूट मात्र लांब. भारतीय त्याच्या शेजारीच बसला होता आणि मला तीन वर्षं दिसला नव्हता! त्याची चोच लांब, सडपातळ, टोकाला खाली वळलेला आकडा. कपाळाचा उतार अलगद, मानही लांब. अजून जवळ गेल्यावर त्याचा निळसर-हिरवा डोळा चमकला. मोठा पाणकावळा आला तेव्हा सांगावंच लागलं नाही: भक्कम चोच, चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी आणि तिला लागून पांढरा पट्टा. विणीच्या दिवसांत त्याच्या मांडीवर पांढरा डाग येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि पाण्यातून नुसती मान वर काढून फिरणारा, बिनआकड्याच्या भाल्यासारख्या चोचीचा तो तिरंदाज पक्षी, त्यालाही मी आधी पाणकावळ्यांतच मोजलं होतं. त्यावर तुम्ही हसला नाहीत, त्याचे वेगळे आभार.

पाणकावळे पंख पसरून बसतात ते का, असं तुम्ही विचारलं होतंत. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. त्यांच्या पिसांच्या कडा भिजतात, आतला भाग कोरडा राहतो. कडा भिजल्यामुळे पिसांत हवा कमी अडकते आणि बुडी मारणं सोपं जातं. मग बाहेर येऊन वाळवत बसायचं.

घरी येऊन जुने फोटो उघडले. पुण्याजवळच्या कवडीपाटच्या एका फोटोखाली मी ठसठशीत ‘छोटा’ लिहिलेलं, आणि चोच बघावी तर लांब, आकड्याची. असे कितीतरी निघाले. दोन रविवार याद्या दुरुस्त करण्यात गेले.

गंमत पुढेच आहे. माझी भाची एडिंबराला असते. तिने नॉर्थ बेरिकच्या समुद्रकाठचा एक काळा पक्षी पाठवून विचारलं, "मावशी, हा आपला मोठा पाणकावळा का?" तो तिकडेही असतो. पण फोटोतली चोच बारीक होती, कपाळ उभं होतं. तो निघाला शॅग, खडकाळ किनाऱ्यावरचा त्याचा भाऊबंद. दोघांच्या शेपटीची पिसंही वेगळी, शॅगची बारा आणि मोठ्याची चौदा, पण ती मोजायची वेळ आली नाही. स्कॉटलंडच्या पक्ष्यालाही "चोच बगा की" लागू पडलं.

हे पाणकावळे तुमच्या जाळ्यातली चिलापी पळवतात, तरी त्यांच्याजवळून होडी नेताना तुम्ही वल्ह्याचा आवाज होऊ दिला नाहीत. हे तेव्हा बोलायचं राहून गेलं.

डिसेंबरात येते आहे. शॅगचा फोटो मोठा करून आणते, आधी तुम्ही ओळखायचा. रोहित लांब असले तरी चालतील.

तुमची,
वहीवाली ताई