उद्या चव पाहायची पाळी कोणाची?

नमस्कार पालकहो,

कळव्यातल्या आपल्या शाळेत पोषण आहाराची चव पाहायला रोज एक पालक हवाय. शिक्षक चाखतातच, सोबत आपलंही कोणीतरी असावं. मुलांना वाढण्याआधी, म्हणजे सव्वाबारापर्यंत पोहोचा. नुसतं "छान आहे" म्हणून सही ठोकू नका. डाव पातेल्याच्या तळापर्यंत घाला. परवा माझ्या पाळीला वरची खिचडी पिवळीधमक आणि मऊ, तळाशी मात्र डाळ कचकचीत होती. ताईंनी पुन्हा झाकण ठेवून शिजवली, दहा मिनिटं उशीर झाला इतकंच.

प्रमाण लक्षात ठेवा: पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५. हे कच्च्या धान्याचं वजन, शिजलेल्या भाताचं नव्हे! (यावरून मागच्या सभेत उगाच वाद झाला.)

आणखी एक. "घरून डबा देतो, शाळेतलं खाऊ नकोस" असं मुलांना सांगू नका. काही मुलं सकाळी नुसत्या चहावर येतात, चौथ्या तासाला फळ्याकडे बघतच नाहीत. सगळे एका पंगतीत बसले की तीही न लाजता दुसऱ्यांदा मागून घेतात.

सोमवार आणि गुरुवार अजून रिकामे आहेत. नाव इथेच टाका.