पंपात काय आहे, ते सांगणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांवरील सायबर हल्ल्यांविषयीचा कालचा अग्रलेख वाचला. पासवर्ड बदला, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, हा सल्ला योग्यच आहे. परंतु जो दोष उपकरणाबरोबर खोक्यातूनच येतो, त्याबद्दल आपण एक शब्दही लिहिलेला नाही, याचा मला राग आला.

मी एका रुग्णालयात बायोमेडिकल अभियंता आहे. जुलै २०१९ मध्ये आयपीनेट या नेटवर्किंग सॉफ्टवेअरमधील ‘अर्जंट/११’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकरा सुरक्षा-त्रुटी उघड झाल्या. ते तयार करणारी इंटरपीक कंपनी २००६ मध्येच विकली गेली होती, पण तिचा कोड निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिममधून वैद्यकीय उपकरणांत जाऊन बसला होता. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) इशारा दिला, तेव्हा मी आमच्या सहा पुरवठादारांना लेखी विचारले, की तुमच्या उपकरणात आयपीनेट आहे का? चौघांनी उत्तर दिले नाही, एकाने ‘गोपनीय माहिती’ म्हणून नकार दिला आणि सहाव्याचा प्रतिनिधी एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नूतनीकरणाचा फॉर्म ठेवून गेला. शेवटी आयसीयूतील चार नंबरच्या खाटेजवळच्या इन्फ्युजन पंपाची (ठरावीक वेगाने शिरेतून औषध देणाऱ्या यंत्राची) लॅन केबल मीच काढली, पोर्टवर चिकटपट्टी लावून ‘केबल लावू नये’ असे लिहिले, आणि पुढे तीन आठवडे सिस्टर दर तासाला औषधाचा वेग हाताने चार्टवर लिहीत राहिल्या. रात्रपाळीत हे जास्तीचे काम मी त्यांच्यावर लादले, आणि ते खरोखर गरजेचे आहे का, हे त्यांनी विचारल्यावर मला सांगता आले नाही, कारण मलाच ते माहीत नव्हते.

जानेवारी २०२५ मध्ये कॉन्टेक कंपनीच्या सीएमएस८००० या रुग्ण-मॉनिटरच्या फर्मवेअरमध्येच (उपकरणात कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच) लिहिलेला एक परका आयपी पत्ता, म्हणजे बाहेरच्या संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता, सापडला, तेव्हा एफडीएनेही केबल काढण्यासच सांगितले. मात्र अमेरिकेत २९ मार्च २०२३ पासून नेटवर्कला जोडता येणाऱ्या नव्या उपकरणासाठी मंजुरी मागताना त्यातील सर्व सॉफ्टवेअर घटकांची यादी कायद्याने द्यावी लागते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याखाली आली, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या; तरीही आमच्या टेंडरमध्ये बॅटरी किती तास चालते हे विचारले जाते, आत कोणाचे सॉफ्टवेअर आहे हे नाही. जी यादी कंपन्या अमेरिकेच्या सरकारला देतात, ती उपकरण विकत घेणाऱ्या रुग्णालयालाही मिळालीच पाहिजे.

गेल्या वर्षी याच विषयावर पाठवलेल्या माझ्या पत्रातून यादीचा परिच्छेद आपण गाळला होता. जागा कमी पडल्यास या वेळी दुसरे काहीही गाळावे, तेवढा मात्र ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक बायोमेडिकल अभियंता