चित्रपटांची वही पुढे चालू राहावी म्हणून

श्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप अण्णा व आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

चित्रपटांची वही भरत आली असून नवी आणावी की नोंदी इथेच थांबवाव्यात, असा विचार अण्णांच्या मनात असल्याचे आईने फोनवर सांगितले. तेव्हा गडबडीत नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. अण्णा, नोंदी थांबवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गल्लीतल्या चार घरांनी वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, त्या काळापासून तुम्ही ही वही लिहीत आला आहात. कोणता चित्रपट पाहिला, कोणकोण बसले होते, कॅसेट कोणी आणली, भारनियमनामुळे कुठे थांबावे लागले आणि उरलेला भाग पुढे केव्हा पाहिला, हे सारे तिच्यात आहे. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले बापू जुन्या हिंदी चित्रपटांची श्रेयनामावली उर्दू अक्षरांतून वाचून दाखवत, हेही तुम्ही एका पानावर टिपून ठेवले आहे. बापूंचा स्वभाव ज्यांनी पाहिला नाही, त्या आपल्या घरातील मुलांना तो या नोंदींतूनच थोडाफार कळेल.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइलच पाहिलेल्या चित्रपटांची यादी ठेवतो, मग वही कशाला? मी इथे तशीच यादी वापरतो, म्हणून तिच्यातले उणेपण सांगू शकतो. चित्रपट लावून माणूस झोपी गेला तरी ती यादी तो पाहिला असेच धरते. शिवाय ती एका खात्याची असते, घराची नसते. वर्गणी थांबवून खाते बंद केले की तीही हाताशी राहत नाही.

लिहिलेल्या नोंदीचे मोल किती, हे आपल्या चित्रपटांच्या इतिहासातच दिसते. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याच्याविषयी जे कळते ते छायाचित्रे, जाहिराती आणि त्या काळच्या लिखाणातून. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच उरला आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, तोवर कितीतरी मूकपट नष्ट झाले होते. संग्रहालये चित्रपट जपतात. पण अंबाजोगाईतल्या एका घराने ते कसे पाहिले, हे त्या घरानेच लिहून ठेवायला हवे.

नव्या वहीत काही रकाने वाढवावेत असे मला वाटते. पहिला रकाना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा. चित्रपटाच्या आरंभी ते क्षणभर दिसते आणि आपण तेवढ्यात चहाचे कप गोळा करत असतो. परंतु त्यावर चित्रपटाचे नाव, भाषा, वर्ग आणि तारीख असते, आणि रिळांच्या काळातील प्रमाणपत्रावर रिळांची संख्या व लांबीही असते. त्या लांबीवरून मूळ चित्रपट किती मिनिटांचा होता ते काढता येते, कारण ३५ मिलिमीटरची फीत सेकंदाला २४ चित्रे या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४३ मीटर, पुढे सरकते. समजा प्रमाणपत्रावर ४,११५ मीटर लिहिले आहे, तर चित्रपट १५० मिनिटांचा झाला. हाती आलेली प्रत १२५ मिनिटांचीच असेल, तर काहीतरी कापले गेले आहे, हे तुम्हाला घरबसल्या ओळखता येईल.

मात्र इथे एक खबरदारी घ्यावी लागते. युरोपातील पाल (PAL) या टीव्ही-प्रक्षेपणाच्या पद्धतीप्रमाणे केलेल्या डीव्हीडीवर चित्रपट बहुधा सेकंदाला २५ चित्रे या वेगाने चालतो, त्यामुळे तोच १५० मिनिटांचा चित्रपट काहीही न कापता १४४ मिनिटांत संपतो. मी इथल्या सार्वजनिक वाचनालयातून डीव्हीडी आणतो, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवूनच वेळ लिहितो. म्हणून वेळेबरोबर चित्रपट कशावर पाहिला, हेही लिहावे: दूरदर्शनवर, कॅसेटवर, डीव्हीडीवर की मोबाइलवर. भाषाही लिहावी. इथे टीव्हीवर परदेशी चित्रपट बहुतेक जर्मन डबिंग करूनच दाखवतात, आणि नटाचा स्वतःचा आवाज न ऐकता त्याच्या अभिनयाविषयी मत देणे मला योग्य वाटत नाही. आपल्याकडेही आता दक्षिणेतील चित्रपट हिंदीत डब होऊन घरोघर पाहिले जातात, तेव्हा हा रकाना तिथेही उपयोगी पडेल.

सालाच्या बाबतीत तुम्ही काटेकोर आहातच, तरी एक उदाहरण देतो. वहीत नुसते ‘श्यामची आई’ असे लिहिले, तर पुढे वाचणाऱ्याला तो आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट की २०२३ साली त्याच नावाने आलेला नवा, हे कळणार नाही. अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ मध्ये मिळाले, त्यामुळे कोणी तेही साल लिहील. ‘फँड्री’ २०१३ च्या महोत्सवांतून दाखवला गेला आणि चित्रपटगृहांत २०१४ च्या फेब्रुवारीत आला. म्हणून प्रदर्शनाचे साल आणि दिग्दर्शकाचे नाव नेहमी एकत्र लिहावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

शेऱ्याचा रकाना मात्र सर्वांत रुंद ठेवावा आणि तो एकट्या अण्णांचा नसावा. तुमचे शेरे नेमके असतात, पण आई चित्रपट पाहताना जे बोलते ते आजवर वहीत आले नाही, याची मला खंत वाटते. शेतकऱ्याच्या घरातील बाई पडद्यावर कशी दाखवली आहे, तिच्या हाताला कामाची सवय दिसते की नाही, हे तिच्याइतके अचूक कोणी सांगत नाही. तिचे बोलणे तिच्याच शब्दांत, कंधारकडच्या बोलीत, वहिनीने किंवा सोनूने लिहून घ्यावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आई, तू माहेरी असताना माळेगावच्या यात्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिलेल्या चित्रपटांची आठवेल तितकी यादी तू सोनूला सांगावीस. साल आठवले नाही तरी हरकत नाही. सोबत कोण होते, जमिनीवर कुठे बसलात, तिकिटाचे पैसे कोणी दिले, एवढे सांगितलेस तरी पुरे आहे. त्या नोंदी नव्या वहीच्या पहिल्या पानांवर याव्यात, कारण काळाच्या क्रमाने त्या अण्णांच्या पहिल्या नोंदीच्याही आधीच्या आहेत.

वही मोंढ्यातून हिशेबाची घ्यावी, लाल कापडी बांधणीची आणि लांब पानांची. तिची शिवण टिकते. जुन्या वहीतील शिसपेन्सिलीने लिहिलेली पाने पुसट होत चालली आहेत, त्यांचे फोटो सोनूने दिवसाच्या उजेडात काढून मला पाठवावेत. मी इथे ती पाने टंकलिखित करून तुमच्याकडे तपासायला पाठवीन. माझ्या इथल्या नोंदी दर महिन्याच्या पत्रासोबत येतील, त्या ‘परदेशातून’ असा शेरा मारून वहीत उतरवून घ्याव्यात.

कळावे, सोनूस अनेक आशीर्वाद, दादा-वहिनींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
धाकटा